हॉलला राखाडी दिला, संध्याकाळी जांभळा दिसतोय. पुन्हा रंगवू का?

फॉलपिको

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या आधी घर रंगवून काढलं. हॉल आणि पॅसेजला सगळ्यांच्या मताने फिकट राखाडी ठरला. सकाळी बघाल तर झकास. दुपारीही तक्रार नाही. पण पाच वाजून गेले की भिंतींचा नूर बदलतो, आणि ट्यूब लावली की राखाडी संपला, जांभळा सुरू. सासूबाईंनीच पहिल्यांदा विचारलं, "जांभळा कशाला दिलात गं?" उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या ह्यांना मात्र अजूनही राखाडीच दिसतो. मी मधे. मला दिवसा राखाडी, रात्री जांभळा.

जरा तपशील देते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉल अकरा बाय सोळा, गॅलरी उत्तरेला. फरशी क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड, बिल्डरनेच घातलेली. दारांच्या चौकटी सागवानी, त्यांचं पॉलिश पिवळसर तपकिरी. छत पांढरं. आधी भिंतींना आयव्हरी होता, आणि इतक्या वर्षांत त्याने कधी असे रंग दाखवले नव्हते. एक गंमत सांगते: स्कर्टिंगपासून हातभर उंचीपर्यंत भिंत संध्याकाळीही बऱ्यापैकी राखाडी दिसते. जांभळेपणा वर आहे. सगळ्यात जास्त गॅलरीच्या समोरच्या भिंतीवर, जिथे टीव्ही आहे.

मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीन हॉलमध्येच, गॅलरीच्या दाराशी. त्यामुळे हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. परवा एका साडीच्या मेहंदी काठाला संध्याकाळी रीळ लावून बघितलं, चपखल बसलं. पूर्ण फॉल लावला. सकाळी बघते तर काठ हिरवा आणि टाके पिवळट. उसवून पुन्हा लावला. गिऱ्हाईक साडी घेताना दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघतं, मीसुद्धा रीळ गॅलरीत नेऊन बघते. भिंत कुठे नेणार?

शेड मुलीने पुण्याहून फोनवर सुचवली, मग दुकानात जाऊन कार्डावर सगळ्यांनी पाहिली. कार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा. त्यात कुणालाही जांभळ्याचा ज दिसला नाही. रंगारी म्हणतो, "ताई, डब्यावरचा नंबर बघा, कार्डावरचाच आहे." बघितला. आहे. माणूस चांगला आहे, घासकाम आणि पुट्टी मनापासून केली, त्याच्याशी भांडायचं कारण नाही. पण हॉल-पॅसेजचे मजुरी आणि माल धरून एकतीस हजार गेले आणि मला संध्याकाळी हॉलमध्ये बसवत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की मुलीचा साखरपुडा आहे, घरीच. पाहुणे संध्याकाळचेच येणार. म्हणून घाई. मला एवढंच कळायला हवंय की दोष रंगाचा आहे की दिव्याचा. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि ह्यांनी स्वतः निवडून आणलेल्या दोन एलईडी ट्यूब आहेत, पांढऱ्याशुभ्र, त्यांच्याबद्दल ह्यांच्यासमोर वावगं बोलायची सोय नाही. दुसरं, डब्यात तीनेक लिटर रंग उरलाय, त्यात काही मिसळून तो सुधारता येतो का? आणि पुन्हा रंगवायचंच झालं तर परत घासा, पुट्टी, प्रायमर असं सगळं पहिल्यापासून, की वरून हात मारला तर चालतं?

चहा_दोन

पाहुणे भिंत बघायला येत नाहीत, जेवायला येतात. आमच्या बेडरूमचा पिस्ता रंग असाच फसला होता, तिथे सहा फुटी कपाट उभं केलं. विषय संपला. राहू द्या.

फॉलपिको

हॉलच्या चारी भिंतींना कपाटं लावली तर पाहुणे जिन्यात जेवतील हो. 🙂

घोडीवरचा

ताई, मी चिंचवडला रंगकामाची कंत्राटं घेतो, त्याआधी बरीच वर्षं स्वतः रोलर धरला आहे. तुमच्या रंगाऱ्याचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. राखाडीचा हा त्रास आम्हाला दर सीझनला होतो.

राखाडी म्हणजे पांढऱ्यात काळा, इतकं सरळ ते नसतं. मशीनवर पांढऱ्या बेसमध्ये काळा पडतोच, पण सोबत शेडप्रमाणे थोडा निळा, थोडा जांभळा, लाल ऑक्साइड नाहीतर पिवळा ऑक्साइड पडतो. तो थेंब ज्याचा असेल त्या बाजूला राखाडी झुकतो. लाल किंवा गडद पिवळ्या भिंतीत असा थेंब लपून जातो. राखाडीत लपायला जागाच नाही. तुमच्या डब्याच्या झाकणावर किंवा बाजूला स्टिकर असेल, त्यावर कोणते कलरंट किती टाकले ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो कोड दुकानदाराला दाखवा, तो सांगेल त्यात निळा-जांभळा आहे का. माझी पैज, आहे.

आता एक करून बघा. ते शेडकार्ड घरी असेल तर संध्याकाळी ट्यूब लावून त्याच भिंतीला टेकवा. उभंच टेकवायचं, हातात आडवं धरून बघायचं नाही. आडव्या कागदावर वरचा उजेड पडतो आणि तो फिका दिसतो, दुकानात काउंटरवर सगळे तसंच बघतात. कार्डपण जांभळं दिसलं तर शेड बरोबर बनली आहे, भानगड घरात आहे. कार्ड राखाडी आणि भिंत जांभळी दिसली तर मशीनवर काहीतरी कमीजास्त झालं, मग डबा घेऊन दुकानात जा.

उरलेल्या रंगात स्टेनर, म्हणजे बाटलीतला घट्ट रंग, टाकायचं डोक्यातून काढा. पिवळा ऑक्साइड किंवा तपकिरी अंबर टाकला की जांभळा मरतो हे खरं आहे, जुने लोक करायचे. पण तीन लिटरमध्ये साधारण चारशे चौरस फुटांची भिंत दोन हातांत होणार नाही, आणि दुसऱ्या डब्यात हाताने तोच रंग पुन्हा जमणार नाही. एक भिंत एक सांगेल, दुसरी दुसरं. शिवाय बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त स्टेनर गेला तर रंग लवकर वाळत नाही आणि हात लावला की बोटाला येतो. ते तीन लिटर पॅसेजच्या टचअपला ठेवा. झाकण घट्ट लावून डबा उलटा ठेवला तर साय धरत नाही.

पुन्हा रंगवायचं तर घाबरू नका. महाग काम होऊन गेलंय. घासकाम, पुट्टी, प्रायमर हे सगळं आतलं, ते तुमचंच आहे, कुठे जात नाही. फिकट रंगावरून फिकट रंग जायला बारीक पॉलिश पेपरचा हलका हात, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, आणि दोन हात. दोन हातांमध्ये तीन-चार तास. प्रायमर लागतो तो गडद मरून किंवा बाटलीहिरव्यावरून पांढऱ्याकडे यायचं असेल तेव्हा. रंगाऱ्याशी बोलताना "फक्त दोन हातांचा दर सांग" असं स्पष्ट विचारा, नाहीतर तो सवयीने पूर्ण कामाचा दर सांगेल.

इचलकरंजीकर

ताई, तुमचं रीळ सकाळी फसलं हे वाचून राहवलं नाही. मी इथे कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंग हाऊसच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर शेड मॅचिंग हेच काम. तुम्हाला संध्याकाळी जे झालं त्यावर आमच्या धंद्यात ट्रकच्या ट्रक परत येतात.

दोन कपडे एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसणं ह्याला मेटॅमेरिझम म्हणतात. काठ एका डायने रंगलाय, तुमचा धागा दुसऱ्याच डायने. डोळ्याला दोन्ही मेहंदी दिसतात, पण कुठला उजेड किती परत टाकायचा हे दोघांचं वेगळं. म्हणून लॅबमध्ये लाइट बॉक्स असतो. एक पेटी, आत बटणाने बदलणारे दिवे: डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा (हा आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) प्रमाणित दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे परदेशी दुकानांतल्या ट्यूबसारखा सुमारे ४०००चा, आणि जुन्या पिवळ्या बल्बचा. तिन्हीखाली जुळला तर शेड पास. त्या पेटीचा आतला रंग कोणता असतो सांगा? राखाडी! पण असा राखाडी की जो कुठेच झुकत नाही. म्हणजे तुमच्या घरच्यांची निवड शिवणकामाच्या खोलीसाठी चुकीची नव्हतीच, शेड झुकती निघाली.

आता तुमचा हॉल. उत्तरेच्या गॅलरीतून सूर्य थेट आत येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो मुळात निळसर. सूर्य मावळला की आणखी निळा. त्यात वरून ६५००ची ट्यूब. म्हणजे निळ्याकडे झुकलेल्या रंगावर निळाच उजेड. आणि खाली क्रीम फरशी, बाजूला पिवळसर चौकटी. डोळा पिवळ्याला सवयीचा झाला की शेजारचा राखाडी त्याला पिवळ्याच्या उलट दिसायला लागतो. पिवळ्याच्या उलट काय, तर निळा-जांभळा.

हे जुनं दुखणं आहे आणि धाग्यांतूनच सापडलेलं आहे. पॅरिसच्या गोबलां कारखान्यात पडदे-गालिचे विणत. तिथे शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगखात्याचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की काळा धागा कमजोर रंगलाय, निळ्या-जांभळ्याच्या बाजूला घातला की मरगळलेला दिसतो. त्याने काळा तपासला, रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने ह्याचे नियम छापले. तुमच्या टीव्हीच्या भिंतीचं प्रकरण ह्याच जातीचं आहे.

स्कर्टिंगजवळ राखाडी का दिसतो तेही ह्यात बसतं. फरशीचा क्रीम उजेड उसळून भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि तिथला निळेपणा मारतो. वर तो पोचत नाही.

आणि सासूबाई विरुद्ध साहेब हा सामना: दोघंही खरं सांगतायत. वय वाढतं तशी डोळ्यातली नैसर्गिक भिंग पिवळी पडत जाते, ती निळा-जांभळा उजेड अडवते. मोतीबिंदूत ती काढून स्वच्छ भिंग बसवली की निळे-जांभळे रंग एकदम उजळ दिसायला लागतात. साहेबांचं ऑपरेशन झालंय का?

ट्यूबच्या खोक्यावर दोन आकडे बघा. केल्विन आणि सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ह्याचा शंभरपैकी आकडा. नुसतं ६५०० लिहिलं म्हणून दिवसाचा उजेड होत नाही. सीआरआय ८०च्या आसपास असेल तर खोली उजळेल, पण रीळ जुळवायला तो दिवा कामाचा नाही. ९०च्या वर असलेला एक दिवा मशीनपुरता घ्या, आणि बाकी हॉलला ४००० किंवा ३००० लावून बघा. रंगावर पैसे घालण्याआधी दिव्यावर घाला, ते स्वस्त पडतं.

फॉलपिको

दादा, साहेबांचं ऑपरेशन "पुढच्या महिन्यात" आहे. हा पुढचा महिना गेल्या वर्षीपासून चालू आहे. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ह्यांच्याकडे बघितलं.

आता काय काय केलं ते सांगते. कार्ड शोधलं, डिंकाच्या पट्टीने टीव्हीशेजारी चिकटवलं, बाजूला एक पांढरा कोरा कागद चिकटवला. चार वाजता कागद पांढरा, कार्ड राखाडी, भिंत राखाडी. दिवेलागणीला ट्यूब न लावता बघितलं: कागद निळसर, कार्ड आणि भिंत दोन्ही जांभळट. ट्यूब लावली: कागद पांढराफटक आणि त्याच्या शेजारी भिंत इतकी उघड जांभळी की हेसुद्धा पुढे येऊन चष्मा वर करून बघून गेले. म्हणजे दुकानदार आणि रंगारी दोघं सुटले.

मग देवघरातला जुना चाळीसचा पिवळा बल्ब होल्डरसकट आणून त्या भिंतीशी धरला आणि ट्यूब बंद केली. भिंतीचा जांभळा गेला! राखाडीही राहिला नाही खरं तर, ओल्या मातीकडे झुकणारा काहीतरी शांत रंग आला. मला तो फार आवडला. पण तेवढ्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही.

फरशीवर जुनी पांढरी चादर अंथरायची कल्पना माझीच. चादर टाकल्यावर जांभळा कमी वाटला, गेला नाही. आणि मग टीव्हीच्या भिंतीचं कोडं सुटलं. गॅलरीसमोर एक बंगला आहे, आमच्यापेक्षा बुटका. त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीवर निळे पत्रे टाकले. दुपारनंतर त्या पत्र्यांवरून उसळलेला उजेड सरळ माझ्या हॉलमध्ये येतो. गॅलरीचा पडदा ओढला की टीव्हीची भिंत बाकीच्या भिंतींसारखी होते. आयव्हरी होता तेव्हा ह्या पावसाळ्यापर्यंत पत्रे नव्हते. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या फोटोत मागे ती गच्ची मोकळी दिसते, वाळत घातलेल्या कुरडयांसकट.

शेजाऱ्याला पत्रे बदला म्हणून सांगू शकत नाही. तेव्हा आता प्रश्न उरला दिव्यांचा आणि त्या एका भिंतीचा.

घोडीवरचा

निळे पत्रे!! ताई, हे मी साइटवर पाहिलंय आणि तरी तुम्हाला विचारायचं सुचलं नाही. समोर लाल विटांची बिल्डिंग असेल तर पांढऱ्या भिंती गुलाबी दिसतात, खाली लॉन असेल तर पहिल्या मजल्याचं छत हिरवट दिसतं. पत्र्यांना मात्र तोड नाही, त्यात चकाकी असते.

मग चारी भिंती कशाला करता? टीव्हीची आणि तिला लागून असलेली लांब भिंत घ्या. गरम बाजूला झुकलेला मळकट पांढरा बघा, ज्यात पिवळा ऑक्साइड किंवा अंबर आहे. बर्फासारखे स्वच्छ पांढरे टाळा, निळे पत्रे त्यांना निळंच करतील. दोन-तीन शेडचे छोटे डबे मिळतात. भिंतीवर पट्टे मारू नका, मागचा जांभळा त्यांना फसवतो. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरचे किंवा पुठ्ठ्याचे मोठे तुकडे घ्या, दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकं असतं, वाळल्यावर एखादी पायरी गडद होतं. मग तो पुठ्ठा टीव्हीच्या भिंतीला लावून सकाळ-दुपार-रात्र बघा.

अर्धा_स्टॉप

फोटोवाल्याचं एक ऐकून ठेवा. घरगुती साखरपुड्यात माझे सगळ्यात जास्त तास जातात ते भिंतींचा रंग दुरुस्त करण्यात. वर पांढरी ट्यूब, मागे सजावटीच्या पिवळ्या माळा, बाजूला खिडकीचा निळा उजेड. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाला पांढरा मानू शकतो. माळांच्या पिवळ्याप्रमाणे चेहरे नीट केले की ट्यूबखालची राखाडी भिंत आणखी जांभळी होते. डोळा थोडं सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये एकाच जातीचे दिवे ठेवा. सगळे ३००० नाहीतर सगळे ४०००. पडदे ओढा. माळा वॉर्म असतील तर दिवेही वॉर्मच. आणि मुलीला वांगी किंवा जांभळी साडी नेसवणार असाल तर जांभळट भिंतीसमोर बसवू नका, साडी भिंतीत विरघळते.

फॉलपिको

साडी डाळिंबी आहे, काठ मोतिया. ब्लाउज मीच शिवतेय, धागा भर दुपारी गॅलरीत उभं राहून निवडला!

तिरफळ

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरात भिंतींना चुना असायचा. चुन्याची निवळी पिवळट वाटली की आई त्यात नीळ टाकायची, कपड्यांची तीच. किती टाकायची ह्याचं माप तिच्या डोळ्यात. एका वर्षी आत्याने तिच्या नकळत दुसऱ्यांदा टाकली आणि माजघर निळं झालं. वडील म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी चुना काढायचाच आहे. आणि खरंच पुढच्या वर्षी वरून दुसरा हात बसला, निळं माजघर आत गेलं. आज तुम्ही जे एकतीस हजार सांगताय ते ऐकून वाटलं, आम्ही रंग बदलायला लोकांना दहा-दहा वर्षं थांबायला लावतो, म्हणून इतकी धास्ती. चुन्याच्या भिंतीवर मन बदलायला फक्त एक पावसाळा जायचा.

वरच्या मंडळींनी जे सांगितलं त्याचंच उलट टोक हे. पिवळ्याला नीळ मारते, तसा तुमच्या निळ्या-जांभळ्याला पिवळा मारेल. आमच्याकडे त्याला पिवडी होती, पिवळी माती. काविळीचा पिवळा नको, अगदी जरासा हात.

एक आणखी, कामाचं. चौकटींना पॉलिश आहे म्हणालात म्हणून ठीक, पण कुणाच्या घरात लाकडाला किंवा ग्रिलला जुना ऑइल पेंट असेल तर ह्या निमित्ताने तो कोरडा घासत बसू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत नव्वद) आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान पोरांना वाईट. पाणी मारून, ओला कागद वापरून घासायचं, पोरांना बाहेर ठेवायचं.

चहा_दोन

कपाटाचा सल्ला मागे घेतो. निळे पत्रे वाचून गॅलरीत जाऊन आलो. आमच्या बेडरूमसमोर हिरवी शेडनेट आहे. पिस्ता रंगाने नाहक शिव्या खाल्ल्या.

फॉलपिको

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते.

ट्यूबचा तह झाला. हे खोकं घेऊन आले माळ्यावरून, त्यावर ६५०० आणि सीआरआय ८० निघालं. "ल्युमेन बघ ना किती आहेत," असं दोनदा म्हणाले, पण मग स्वतःच दुकानात गेले आणि ४०००च्या दोन ट्यूब घेऊन आले, त्याही तितक्याच ल्युमेनच्या, हे आवर्जून दाखवलं. उजेड कमी झाला नाही हे मला मान्य करावं लागलं. जुन्या दोन्ही स्वयंपाकघरात आणि जिन्यात गेल्या. माझ्या मशीनवर ९०च्या वरचा वाकवता येणारा दिवा आला. त्याखाली मेहंदीचं तेच रीळ तोच काठ लावून बघितला: न जुळणारं रात्रीच कळतंय. एवढ्यावरही माझं काम भागलं असतं.

४०००मध्ये तीन भिंती चालण्यासारख्या आहेत. जांभळा पूर्ण गेला नाही, पण माहीत नसलेल्या माणसाला राखाडीच वाटेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मुद्दाम चहाला बोलावून विचारलं, "रंग कसा वाटतोय गं?" "छान, ग्रे आहे ना?" म्हणाल्या. सासूबाईंना मान्य नाही. त्या म्हणतात वहिनींनी खिडकीकडे पाठ केली होती.

टीव्हीची भिंत मात्र करणारच. पुठ्ठ्याचे तीन तुकडे रंगवून लावले. एक दुकानदाराने सुचवलेला, तो पत्र्यांसमोर पांढरा राहिलाच नाही, निळसर झाला. दुसरा रात्री लोण्याच्या रंगाचा दिसला, फरशीत मिसळून गेला. तिसऱ्यात पिवळा ऑक्साइड आणि किंचित काळा आहे. तो संध्याकाळी पाच ते आठ जवळपास तसाच राहतो, आणि शेजारी राखाडी भिंत असताना दोघं भांडत नाहीत. तोच घेणार. लांब भिंत सध्या नको म्हणतेय, दिव्यांनी ती सावरली.

रंगाऱ्याला फोन केला. "दोन हातांचा दर सांग" म्हटल्यावर तो थोडा थांबला आणि मग सरळ दर सांगितला, घोडीवरचे दादा, तुमचं ऐकलं ते बरं झालं. तो म्हणतो दिवाळीची गर्दी ओसरल्यावर येतो, एका दिवसाचं काम. म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आत होतंय. त्याआधी मला काही तयारी करायची का? आणि दोन रंग कोपऱ्यात मिळतात तिथली रेघ सरळ येईल ना? आमचे कोपरे काही काटकोनातले नाहीत.

घोडीवरचा

कोपरा वाकडा असेल तर रंग बरोबर कोपऱ्यात संपवू नका, वाकडेपणा उठून दिसतो. नवीन रंग दोन सूत अलीकडे, त्याच भिंतीवर थांबवायला सांगा, पट्टी धरून सरळ रेघ मारून. रेघेवर मास्किंग टेप लावायचा, टेपच्या कडेवर आधी जुन्या राखाडीचाच एक पातळ हात फिरवायचा. टेपखाली काही शिरलं तर तो जुनाच रंग शिरतो. मग नवीन रंग मारायचा. टेप दुसरा हात ओला असतानाच काढायचा, वाळल्यावर ओढला तर रंगाची साल निघते. जुना राखाडी तुमच्याकडे तीन लिटर आहेच.

टीव्ही आणि त्याचं ब्रॅकेट आदल्या दिवशी काढून ठेवा, स्विचबोर्डच्या पट्ट्याही. तो भोवतीने रंगवतो म्हणाला तर ऐकू नका. माल सगळा एकाच वेळी, एकाच डब्यात घ्या. स्टिकरचा फोटो काढाच, पण स्टिकर स्वतः सोडवून स्विचबोर्डच्या पट्टीच्या मागे चिकटवून ठेवा. फोन बदलतो, पट्टी तिथेच असते. आणि रंगारी आला की ४०००ची ट्यूब चालू ठेवायला सांगा, नाहीतर खिडकीच्या निळ्या उजेडात त्याला सुटलेले ठिपके दिसणार नाहीत.